अष्टमीचं पहिलं पान

प्रिय यमुनाक्का,

आज दसरा. सगळं म्हैसूर हत्ती बघायला गेलंय आणि मी घरात एकटा बसलोय. नलू सकाळीच शेजारणींबरोबर डबा, पाण्याची बाटली आणि बसायला जुनी चादर घेऊन निघाली. मला म्हणाली, "चला की हो." मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता गं! मला तुला पत्र लिहायचं होतं, आणि तुझ्या भावजयीसमोर लिहायला बसलो असतो तर तिनं खांद्यावरून डोकावून माझं शुद्धलेखन तपासलं असतं.

येत्या पौषात तुला जाऊन दोन वर्षं होतील. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, मग आजच का? कारण परवा अष्टमीला आपल्या अंबाबाईच्या देवळात जे झालं ते तुला कळवायचंय. तू जाण्याआधी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होतीस. महादेवम्माला अष्टमीचं पहिलं पान दे, म्हणालीस. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." त्या 'पुढच्या वर्षी'ला तू थांबली नाहीस.

थांब, चिडू नकोस. नीट पहिल्यापासून सांगतो. तू म्हणायचीस ना, "केश्याला पाणी मागितलं तर आधी विहीर कोणी खणली ते सांगेल." मग ऐक आता विहिरीची गोष्ट.

आपण रंगारी. आजोबांची नखं शेवटपर्यंत निळी होती ती तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. त्यांच्याही आधीची माणसं निळीच्या रांजणावरून उठून सरळ जेवायला यायची, हात कोपरापर्यंत रंगलेले. कितीही घासा, तो रंग जातोय कुठला! परक्या पंगतीत बसले की वाढणारा थबकायचा, आणि भात वरूनच टाकायचा. म्हणून आपल्या लोकांनी स्वतःचं देऊळ बांधलं तेव्हा नेमच घालून दिला. अष्टमीच्या प्रसादाला कामानं ज्याचे हात रंगलेत त्याचं पान पहिलं. त्यानं पहिला घास घ्यायचा, चव सांगायची, मगच बाकीच्यांनी जेवायला सुरुवात करायची.

रंगाचं काम गेलं, नेम राहिला. बाबा कुंकवाच्या पाण्यात चार बोटं बुडवून त्या पानावर बसायचे. त्यांच्यामागे मी. मी टेलिफोन खात्यातला माणूस, रंगाचा आणि माझा संबंध होळीपुरता! पण वाटीत बोटं बुडवली, रुमालाला पुसली, की झालो रंगारी. मग घास घ्यायचा आणि म्हणायचं, "छान झालंय." वर्षानुवर्षं मी "छान झालंय" म्हणत आलो. एका वर्षी भात खाली लागून सगळ्या देवळात करपट वास सुटला होता, त्या वर्षीसुद्धा! घरी आल्यावर तू विचारलंस, "केश्या, तुझी जीभ काय गहाण पडलीय?" मी म्हटलं, "मानाच्या जागेवर बसून खोड काढत नसतात, अक्का."

तेव्हा हे वाक्य मला फार शोभून दिसलं होतं.

आणि तू? तुला देवळात काय हवं होतं? शुक्रवारचं भजन, बस. एका शुक्रवारी तू पहाटेच रांगोळी घालायला गेलीस आणि तिथून जी परत आलीस ती चप्पल न काढता माझ्या खोलीत. मी अंथरुणात. "केश्या ऊठ! आपली गल्ली कोण झाडतं?" मी म्हटलं, "झाडणारी बाई झाडते." "तिचं नाव काय?" मला काय ठाऊक! मी सातला उठतो, तोवर गल्ली झाडून झालेली असते.

तिचं नाव महादेवम्मा. वरुणाकडच्या खेड्यातून पहिल्या बसनं येते, एकोणीस वर्षं आपल्या गल्लीत झाडू मारते. त्या दिवशी तिनं देवळाच्या नळावर पाणी मागितलं होतं आणि आपल्या राखणदारानं तिला पुढं जा म्हणून सांगितलं. तुझ्या समोर! पहाटे घर सोडलेली बाई दुपारपर्यंत ना पाणी पीत ना कुठं आडोशाला जाऊ शकत. पाणी प्यायलं तर जावं लागतं, म्हणून पाणीच प्यायचं नाही. हे तू मला असं ओरडून सांगितलंस की नलू स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच धावत आली. तिला वाटलं चोर शिरला.

मला वाटलं, दोन दिवस तणतणेल आणि थंड होईल. पण तू कुठली थंड होणारी! पुढच्या शुक्रवारी तुझ्या भजनातल्या बायका पहाटे देवळाच्या अंगणात चहाचं पातेलं घेऊन उभ्या. मग शिवणक्लासातली तुझी जुनी मैत्रीण मेरी टीचर तिच्या चर्चमधल्या चार बायका घेऊन आली. मग शमीम आपा, जिच्याकडे तू ब्लाउजला काजं करायला द्यायचीस, ती म्हणाली आमच्या मशिदीची ओसरी काय ओस पडलीय? सोमवारी ओसरी, बुधवारी चर्चचं आवार, शुक्रवारी आपलं देऊळ. चहा, उप्पिट्टू नाहीतर इडली, प्यायला पाणी, आणि संडासाची किल्ली. तू त्याला नाव दिलंस 'बेळगिन बळग'. सकाळची मंडळी.

मी देवळाचा सेक्रेटरी. किल्ल्या माझ्याकडे. "कमिटीला विचारावं लागेल," मी म्हटलं. तू हात पुढं करून म्हणालीस, "सुम्निर! गप बस आणि किल्ली दे." बाबा गेल्यावर मला 'सुम्निर' म्हणणारी तूच एक उरली होतीस. दिली किल्ली. काय करणार!

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी तोंड मिटून बसलो असतो. पण त्या बायका उघड्या हातांनी कचरा उचलतात हे तुला दिसलं. काचा, सुया, काय नसतं त्यात! कंत्राटदार म्हणे हातमोजे दिलेत, कागदावर सह्या आहेत. मग काय, तुम्ही तिन्ही मंडळी टाळ घेऊन महापालिकेच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर! आमच्या सेक्रेटरीपणाची अब्रू गेली गं. मार्केटमध्ये भाजी घेताना लोक विचारायचे, "काय हो केशवराव, तुमच्या अक्का पायऱ्यांवर भजन करतात म्हणे?" साहेबानं खिडकी लावून घेतली तर तुम्ही आवाज चढवलात. मेरी टीचरला मराठी अभंगातलं अक्षर कळत नव्हतं, पण टाळ तिचाच सगळ्यांत मोठा. तिसऱ्या शुक्रवारी मोज्यांची खोकी आली. उघडून बघता तर निम्मे मोजे नुसते डाव्या हाताचे! तू म्हणालीस, बरं झालं, अजून एक भजन बसवलंय तेही ऐकवून येऊ. चौथ्या शुक्रवारी उजव्या हाताचे आले.

मी तेव्हा लाजत होतो. आज वाटतं, निदान एका शुक्रवारी लांब कोपऱ्यावर उभं राहून तरी ऐकायला हवं होतं. तुझा आवाज पायऱ्यांवर कसा लागला होता ते मला कधीच कळणार नाही.

आता ती अष्टमी. तुझी शेवटची. हे लिहायला हात चालत नाही, पण लिहिलं नाही तर पत्राला अर्थ काय?

तू महादेवम्माला आणि तिच्याबरोबरच्या बायकांना प्रसादाला बोलावलंस. मला आदल्या दिवशी सांगितलंस, मी "हो" म्हटलं. मग अध्यक्ष दत्तूमामांनी मला बाजूला घेतलं. "केशवराव, बोलावलंत ते ठीक. पण पंगतीत... लोक काय म्हणतील, तुम्हीच बघा." मी बघितलं. माझ्यासारखा वेळ मारून नेणारा माणूस काय बघणार? त्या आल्या तेव्हा मी दारातच हसून पुढं झालो. "तुम्हाला उशीर होतो ना? ड्यूटी असते. पार्सल बांधून ठेवलीत बघा, गरम आहेत, घरी नेऊन पोरांबरोबर खा." किती गोड बोललो! मला स्वतःचंच कौतुक वाटलं. ना कोणाला दुखावलं ना कोणाचा मान गेला.

महादेवम्मानं पार्सल घेतलं आणि म्हणाली, "सरी, बुद्धी." सरी म्हणजे बरं, आणि बुद्धी म्हणजे मालक. खेड्यातली जुनी माणसं तसं म्हणतात. मला ते आवडायचं, अक्का. खरं सांगतो, आवडायचं.

आत येऊन मी वाटीत बोटं बुडवली, घास घेतला, "छान झालंय" म्हटलं. आणि बघतो तर तुझं पान रिकामं. तू मागच्या अंगणात नळाजवळ त्यांच्यात बसून पार्सल सोडत होतीस.

घराच्या दारात आल्यावर म्हणालीस, "केश्या, आपल्या माणसांच्या पानात वरून भात टाकायचे म्हणून आपण देऊळ बांधलं. आणि तू आज काय केलंस? तू तर पानही मांडलं नाहीस. वरून टाकलेला भात बरा, पार्सलपेक्षा." आणि पुढं म्हणालीस, "आता या गल्लीत कामानं हात कोणाचे रंगतात? तिचे. पहिलं पान तिचं आहे. एकदा दे. मला बघायचंय."

"पुढच्या वर्षी बघू."

पौषात तुझ्या छातीत कफ भरला. दवाखान्यात तू नळ्या लावून पडलेली, आणि तिथंही नर्सला विचारत होतीस की वॉर्ड झाडणाऱ्या बाईला मोजे मिळतात का. माझ्याशी पानाचा विषय पुन्हा काढला नाहीस. का नाही काढलास? एकदा भांडली असतीस! तू भांडून मागितलेलं मी कधी नाही म्हटलंय का? तू गप्प राहिलीस ही एकच गोष्ट मी तुला अजून माफ केलेली नाही.

आता थोडं हस. गेल्या वर्षीची गंमत ऐक.

तुझ्यामागची पहिली अष्टमी. मी ठरवलं, या वर्षी कुंकवाचं पाणी नाही. अक्कासाठी खरा रंग. मार्केटमध्ये जाऊन दुकानदाराला ऐटीत म्हटलं, "पक्का निळा द्या, आम्ही रंगारी आहोत." त्यानं दिला. गरम पाणी केलं, पुडी ओतली, मीठ टाकलं, कारण आजोबा काहीतरी मीठ टाकायचे एवढंच आठवत होतं, आणि दोन्ही हात मनगटांपर्यंत आत! मंत्र म्हटल्यासारखं तुझं नाव घेत बराच वेळ धरून ठेवले. बाहेर काढले तर काय? निळे कसले, शाईत पडलेल्या उंदरासारखे काळेनिळे. साबण झाला, लिंबू झालं, चिंच झाली, नलूनं भांड्याचा काथ्या घेऊन घासले. कातडी सोलायची वेळ आली पण रंग हलेना. रंगाऱ्याच्या नातवाला एवढं कळू नये की रंग कापडाला देतात, हाताला नाही! "पोटात जाईल," म्हणून नलूनं त्या दिवशी मला पहिल्या पानावर चमच्यानं भरवलं. सगळं देऊळ बघत होतं. दत्तूमामांना हसू आवरेना.

हसण्यावारी नेलं असतं मी. पण रंग पंधरा दिवस राहिला, अक्का. आणि त्या पंधरा दिवसांत मला दुसरंच म्हैसूर दिसलं. बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहिला. हॉटेलात सगळ्यांना स्टीलच्या पेल्यातून कॉफी, मला कागदाच्या कपात. मी म्हटलं, "अहो, रंग आहे, धुतलेले हात आहेत." पोऱ्या म्हणाला, "असू दे, सार." गोकुलममध्ये नलूच्या भाचीच्या घरी बारसं होतं, तिथं बाळाला घ्यायला हात पुढं केले तर तिच्या सासूबाईंनी बाळ हळूच दुसरीकडे फिरवलं. कोणी वाईट बोललं नाही. सगळे कसे गोड, हसून बोलत होते. अगदी मी बोललो होतो तसे.

घरी येऊन मी मोरीत बसून रडलो. नलूला सांगितलं साबण डोळ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी पाचला उठून देवळात गेलो. मेरी टीचर चहा गाळत होती, माझ्याकडे बघून तिच्या हातातलं गाळणंच पडलं. मी सरळ महादेवम्मासमोर जाऊन म्हटलं, "पुढच्या अष्टमीला पहिलं पान तुमचं. अक्काची इच्छा होती." वाटलं, आता ती डोळ्यांना पदर लावेल. ती चहाचा घोट घेऊन म्हणाली (कन्नडमध्ये बोलली, मी आपल्या भाषेत लिहितो), "अक्का होती तेव्हा पार्सल दिलंत. आता अक्का नाही तर पान देता. तुम्हाला रडू आलं की मी जेवायला बसायचं होय, बुद्धी? मला भूक लागेल तेव्हा बोलवा."

अय्यो! माझा चेहरा हातांपेक्षा काळा पडला असेल. शमीम आपानं माझ्या हातात एक पातेलं दिलं आणि म्हणाली, "केशवभाई, उभे आहात तर हे विसळा."

विसळलं. काय करणार? पुढच्या सोमवारी पुन्हा विसळलं. मग सवयच लागली. उप्पिट्टूसाठी रवा भाजायला शिकलो, पहिल्यांदा जाळला. संडासाची किल्ली आता खिळ्याला टांगलेली असते, माझ्या खिशात नसते. महादेवम्माच्या गुडघ्याला बरं नाही, तिच्या थोरलीचं लग्न एच. डी. कोटेकडच्या एका मुलाशी ठरलंय, तिला साखर कमी लागते, हे सगळं मला आता ठाऊक आहे. गल्लीत आम्ही एकमेकांना हाक मारतो. पण पानाचा विषय मी काढला नाही. धाडसच झालं नाही. श्रावणात एकदा तीच म्हणाली, "या वर्षी अष्टमीला जेवायला काय असतं तुमच्याकडे?" मी म्हटलं, "हुळी, कोशिंबीर, चित्रान्न, होळिगे." आपली आमटी, फोडणीचा भात, पुरणपोळीच, पण तिच्या भाषेत. ती म्हणाली, "मी एकटी बसणार नाही. आम्ही अकराजणी आहोत. आणि मागं नाही बसणार."

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

मग कमिटी. ती मीटिंग तू ऐकायला हवी होतीस! दत्तूमामा म्हणाले, "नेम रंगाऱ्यांचा आहे." मी म्हटलं, "नेमात 'कामानं रंगलेले' लिहिलंय. मी जन्मभर तारा जोडल्या, तुम्ही साड्यांच्या घड्या घातल्या. इथं बसलेल्या एकाचे तरी हात कामानं रंगलेत का, दाखवा." एकजण म्हणाला, "मग देवीला चालेल का?" मी म्हटलं, "देवीच्या दारातली घाण एकोणीस वर्षं कोण उचलतंय? तिला आतापर्यंत चाललं ते." माझा आवाज इतका चढला की राखणदार आत डोकावला. दत्तूमामा चष्मा पुसत म्हणाले, "केशवराव, तुम्ही हुबेहूब यमुनाक्कांसारखे ओरडता." अक्का, आजवर कोणी मला याहून मोठी पदवी दिलेली नाही.

आणि परवाचा दिवस उजाडला.

पानं मांडली. पहिलं पान गाभाऱ्यासमोर, त्याच्या ओळीत आणखी दहा. साडेबारा झाले, एक झाला. त्या येईनात. दसऱ्याची गर्दी, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग, त्यांना जादा ड्यूटी लावली असणार हे मला आधीच कळायला हवं होतं. लोक चुळबुळ करायला लागले. पोरं रडायला लागली. मला एकच भीती, ती आलीच नाही तर? तिनं मन बदललं असेल तर? मला ते पार्सल आठवत होतं तर तिला आठवत नसेल? दत्तूमामा हळूच म्हणाले, "तुम्हीच बसून घेता का? कुंकवाची वाटी तयार आहे."

वाटी खरंच तयार होती गं. एक मिनिट मी त्या वाटीकडे बघितलं. कोणी मला बोल लावला नसता. पुढच्या वर्षी बघू म्हणालो असतो तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "थांबू या." आणि दारात जाऊन उभा राहिलो.

त्या दीडला आल्या. घरी जाऊन नवी साडी नेसायला वेळच मिळाला नव्हता. अंगावर कामाचे केशरी कोट, तशाच सरळ रस्त्यावरून आल्या, आणि देवळाच्या नळावर हातपाय धुवायला लागल्या. मला आजोबांच्या गोष्टीतली ती माणसं आठवली, रांजणावरून उठून आलेली. महादेवम्मानं मोजे काढून कोटाच्या खिशात घातले. हात चोळचोळून धुतले, तरी बोटांच्या भेगांत काळं राहिलंच होतं. गुरुजी सवयीनं कुंकवाची वाटी घेऊन आले. मी वाटी बाजूला सारली.

दोघंजण पंगतीतून उठून गेले. नावं लिहीत नाही, तू ओळखशीलच. त्यांची पानं रिकामी राहिली नाहीत. मेरी टीचर आणि शमीम आपा तिथं बसल्या.

मी वाढायला होतो. वाकून तिच्या पानात भात वाढला, अगदी पानाला हात टेकवून. गुडघा खरंच दुखला तेव्हा! मग हुळी. मग बाकीचं. दीडशे माणसं एका बाईच्या हाताकडे बघतायत. ती भातावर हात ठेवून नुसती बसली. खाईना. मला वाटलं उठतेय आता. मग तिनं घास कालवला, तोंडात घातला, सावकाश चावला. इकडं तिकडं बघितलं. मी मनात म्हणत होतो, बाई, छान म्हण, एकदाचं छान म्हण आणि मोकळं कर सगळ्यांना.

ती म्हणाली, "उप्पु कम्मी."

मीठ कमी आहे!

आजवर त्या पानावरून असं कोणी बोललंच नव्हतं. मग आमचा आचारी रामण्णा स्वयंपाकघरातून मिठाचा डबा घेऊन असा धावत सुटला की त्याचं धोतर दाराच्या कडीत अडकलं, आणि सगळी पंगत खो खो हसायला लागली. दत्तूमामासुद्धा! महादेवम्माही हसली. मीठ आलं, तिनं ते हुळीत ढवळायला लावलं, पुन्हा चव बघितली आणि मान हलवली. "हं. आता जेवा."

दीडशे माणसं तिनं सांगितल्यावर जेवली, अक्का.

मी वाढपी, मागून जेवलो. तिच्या पानाजवळून जाताना म्हटलं, "आणखी काय हवं?" ती म्हणाली, "होळिगे वाढ की, अण्णा. आणि तुपाला हात आखडू नको." मी आत जाऊन तुपाचं भांडं शोधायला उगीच फार वेळ लावला. नलू तिथं होती. तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "वन्सं असत्या तर पहिल्यांदा तुम्हालाच हसल्या असत्या."

हसली असतीस ना? त्या हसण्यासाठी मी काय दिलं असतं! दोन वर्षं आधी शहाणपण सुचलं असतं तर तू समोर बसून हसली असतीस. पण आता रडगाणं गात नाही. आज मन भरून समाधान आहे, तेच तुला कळवायला बसलोय. आणि खरं सांगू? संध्याकाळी मी मागं राहिलेल्या एका भांड्यातली हुळी चाखून बघितली, त्यात मीठ ढवळायचं राहूनच गेलं होतं. खरंच कमी होतं गं! इतक्या वर्षांत किती वेळा कमी पडलं असेल आणि मी मान सांभाळत गिळलं असेल, देव जाणे.

बाहेर गलका ऐकू येतोय, मिरवणूक संपलेली दिसते. नलू येईल आता. उद्या पहाटे गावभर केळीची सालं, फुलं, कागद आणि बाटल्या असतील, म्हणून उद्या तिन्ही मंडळी एकत्र, देवळात. रवा मीच भाजणार आहे. न जाळता.

तुला वचन देतो, यमुनाक्का. माझ्या तोंडून 'पुढच्या वर्षी बघू' पुन्हा निघणार नाही. आणि देवळात, ऑफिसात, आपल्या घरात, जिथं कुठं मीठ कमी असेल तिथं मी "छान झालंय" म्हणणार नाही.

तुझा,
केश्या